किडनीचा आजार असताना हृदय बंद पडलं तर जीव वाचतो का? अकोट-तेल्हारा भागातल्या प्रत्येक घराला माहीत असावं असं

अकोट : खारपाणपट्ट्यातल्या गावांमध्ये किडनीचा आजार आता नवीन राहिलेला नाही. गावात एक-दोन डायलिसिसचे पेशंट, आणखी काही जणांचं ‘क्रिएटिनिन वाढलं’, असं सर्रास ऐकायला मिळतं. पण या पेशंटचा जीव बहुतेक वेळा थेट किडनीमुळे जात नाही. तो हृदयामुळे जातो. ‘रात्री चांगले जेवले, सकाळी उठलेच नाहीत’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं, त्यांपैकी अनेकांचं हृदय झोपेत अचानक बंद पडलेलं असतं.

किडनीच्या पेशंटचं हृदय बंद पडलं तर ते परत सुरू होण्याची आणि माणूस पुढे जगण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी असते. कमी असते, शून्य नसते. ती वाढवण्याचे दोन मोके घरच्यांच्या हातात असतात. एक म्हणजे आधीचे दिवस : डायलिसिस, जेवण, गोळ्या. दुसरा म्हणजे हृदय बंद पडल्यानंतरची पहिली काही मिनिटं.

थोडक्यात

- हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- किडनी बिघडली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं. ते एका मर्यादेबाहेर गेलं तर हृदय थांबू शकतं.
- डायलिसिसचा नंबर चुकवणं सगळ्यात धोक्याचं.
- माणूस कोसळला, बोलत नाही, श्वास नाही, तर १०८ ला फोन आणि लगेच छाती दाबणं सुरू. किडनीचा पेशंट असला तरीही.

अटॅक वेगळा, हृदय बंद पडणं वेगळं

हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस छाती धरून बसतो, घाम येतो, पण बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो. हृदय चालू असतं.

हृदय बंद पडणं, म्हणजे कार्डिअ‍ॅक अरेस्ट, यात हृदयाचं पंपिंगच थांबतं. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. श्वास थांबतो किंवा मधूनमधून आचके लागल्यासारखा येतो. नाडी लागत नाही. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते.

अटॅकमुळे हृदय बंद पडू शकतं. पण किडनीच्या पेशंटमध्ये नळी तुंबलेली नसतानाही ते बंद पडू शकतं. त्याची कारणं रक्तात असतात.

किडनी बिघडली की हृदयाचं काय होतं?

किडनी फक्त लघवी तयार करत नाही. रक्तातलं मीठ, पाणी, आम्ल आणि पोटॅशियम यांचा हिशेब तीच ठेवते. रक्त वाढवणारं एक द्रव्यही तीच तयार करते. हा हिशेब बिघडला की हृदयावर चारही बाजूंनी भार येतो.

- पोटॅशियम : हृदयाचे ठोके शरीरातल्या विजेवर चालतात आणि त्या विजेचा तोल पोटॅशियमवर अवलंबून असतो. ते फार वाढलं की ठोके मंदावतात, वेडेवाकडे होतात, शेवटी थांबतात. अनेकदा आधी काहीच त्रास जाणवत नाही. काहींना हातापायांत कमजोरी, मुंग्या किंवा धडधड जाणवते.
- पाणी : लघवी कमी झाली की पाणी अंगात साचतं. पाय सुजतात, दम लागतो, आडवं झोपता येत नाही. वाढलेलं रक्त ढकलताना हृदयाची दमछाक होते.
- बीपी आणि जाड झालेलं हृदय : वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते. रक्ताच्या नळ्यांमध्ये कॅल्शियम बसतं.
- रक्त कमी होणं : हिमोग्लोबिन उतरलं की तेवढाच प्राणवायू पोचवण्यासाठी हृदयाला जास्त मेहनत करावी लागते.

त्यातच बहुतेकांना शुगर किंवा बीपी आधीपासून असतं. भारतात किडनी खराब होण्याची सर्वांत मोठी दोन कारणं हीच आहेत आणि हृदयाचे शत्रूही हेच दोन. म्हणून किडनीच्या आजारात डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने जाणारे पेशंट जास्त असतात. डायलिसिसवर असलेल्यांच्या मृत्यूंपैकी साधारण चौथा हिस्सा अचानक हृदय थांबल्यामुळे होतो, असं अमेरिकेतल्या नोंदी सांगतात.

जीव वाचण्याची शक्यता किती कमी?

आधी सगळ्यांसाठीचा आकडा पाहू. दवाखान्याच्या बाहेर, म्हणजे घरी, शेतात, रस्त्यावर हृदय बंद पडलं तर अमेरिकेसारख्या देशातही दहापैकी साधारण एकच माणूस जिवंत घरी परततो. तिथे लगेच गाडी येते, चौकाचौकात शॉक देणारं मशीन असतं, तरीही. दवाखान्यात असतानाच हृदय बंद पडलं तर तिथे साधारण चारपैकी एक वाचतो.

आता किडनीचे पेशंट. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डायलिसिसच्या पेशंटची इतर पेशंटशी तुलना केली गेली. हृदय बंद पडून छाती दाबण्याचे उपचार झाल्यावर डायलिसिसवाल्यांपैकी १०० मागे ८ जण जिवंत घरी गेले, इतरांपैकी १२. सहा महिन्यांनंतर हयात होते अनुक्रमे ३ आणि ९.

त्यानंतर उपचार सुधारले. २००० ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या डायलिसिस पेशंटच्या मोठ्या पाहणीत दवाखान्यात हृदय बंद पडलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के जिवंत घरी गेले. मात्र घरी गेलेल्यांपैकी निम्म्या लोकांना पुढे पाच महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य मिळालं नाही.

या आकड्यांतून दोन गोष्टी समजतात. त्या क्षणी हृदय पुन्हा सुरू करता येतं. खरी अडचण त्यानंतर येते, कारण आधीच थकलेल्या शरीराला सावरणं जड जातं.

डायलिसिस लागलेलं नाही, पण किडनीचं काम कमी झालंय, अशांनाही थोडाफार हाच नियम लागू पडतो. किडनी जेवढी जास्त बिघडलेली, तेवढी वाचण्याची शक्यता कमी.

शक्यता कमी का होते?

पहिलं कारण हृदयाच्या लयीचं. हृदय बंद पडताना कधी ते नुसतं थरथरत असतं. अशा वेळी विजेचा शॉक दिला की ते ताळ्यावर येऊ शकतं. किडनीच्या पेशंटमध्ये ते पूर्ण शांत झालेलं किंवा फार मंदावलेलं असण्याचं प्रमाण जास्त असतं. तिथे शॉकचा उपयोग होत नाही.

दुसरं, रक्तात आम्ल आणि पोटॅशियम जास्त असेल तर औषधं दिली तरी हृदय लवकर उचल खात नाही.

तिसरं, हृदय बंद असताना किडनीलाही रक्त मिळत नाही. उरलीसुरली किडनीही त्या मिनिटांत मार खाते. काहींना त्यानंतर पहिल्यांदा डायलिसिस लागतं. ज्यांची किडनी आधी धडधाकट होती, अशा अनेकांनाही हृदय परत सुरू झाल्यावर किडनीचा त्रास होतो.

पण यातच आशेची बाजूही आहे. पोटॅशियम वाढल्यामुळे थांबलेलं हृदय हे दुरुस्त करता येण्यासारखं कारण आहे. डॉक्टरांना वेळेत कळलं तर ते कॅल्शियमचं इंजेक्शन, ग्लुकोजसोबत इन्सुलिन असे उपचार देऊन आणि नंतर डायलिसिस करून पोटॅशियम खाली आणतात. म्हणून ‘पेशंट किडनीचा आहे’ हे एक वाक्य वेळेवर सांगणं फार मोलाचं ठरतं.

आपल्या भागात हा प्रश्न जास्त का बोलला जातो?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या वर त्याचं क्षेत्र आहे. इथलं विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान प्रकल्पावरून ८४ खेडी योजनेचं पाणी मिळू लागल्यावर अनेक गावांना गोडं पाणी मिळालं. पण नळ आठ-दहा दिवस आला नाही की पुन्हा हंडा बोअरकडे वळतो.

खाऱ्या पाण्यामुळेच किडनी जाते, असं गावोगावी ठामपणे बोललं जातं. शास्त्राच्या बाजूने मात्र एकच कारण पक्कं झालेलं नाही. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम भाग, श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग, मध्य अमेरिकेतले ऊसतोड मजूर यांच्यातही शेतकरी-मजुरांच्या किडनी जातात आणि तिथेही शोध चालू आहे. पाणी, उन्हात तासन्‌तास काम, पुरेसं पाणी न पिणं, फवारणीची औषधं, वेदनाशामक गोळ्या अशा अनेक गोष्टींवर संशय आहे. म्हणून नुसतं पाण्याला दोष देऊन शुगर-बीपीची तपासणी टाळणं परवडणारं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. कंबर दुखली, गुडघे दुखले की मेडिकलवरून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून महिनोन्‌महिने खाणं थांबवायचं. किडनी आधीच नाजूक असेल तर अशा गोळ्या तिला आणखी खाली नेतात. भस्म घातलेल्या, नावगाव नसलेल्या पुड्यांचंही तेच.

डायलिसिसचा नंबर चुकवू नका

हीमोडायलिसिस आठवड्यातून दोन किंवा तीनदा होतं. मधल्या दिवसांत पाणी आणि पोटॅशियम साचत जातं. मधला खंड जेवढा मोठा, तेवढा धोका मोठा.

२०११ मध्ये अमेरिकेत ३२ हजारांहून अधिक पेशंटची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांना एकदा दोन दिवसांचा खंड पडतो. त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण वर्षाला १०० मागे २२.१ होतं, बाकीच्या दिवशी १८. फक्त एका जादा दिवसाचा हा फरक आहे.

आपल्याकडे पेरणी, कापूस वेचणी, पोळा, दिवाळी, घरचं लग्न यात नंबर चुकतो. ‘आज बरं वाटते, परवा जाऊ’ असं पेशंट म्हणतो. बरं वाटणं हा पोटॅशियमचा पुरावा नाही. सण, लग्न आधीच माहीत असतं, तेव्हा केंद्रावर सांगून नंबर आधी किंवा नंतर लावून घ्या. तरीही चुकलाच तर त्या दिवसांत पाणी आणि जेवण यावर जास्त कडक राहा आणि लवकरात लवकर डायलिसिस करून घ्या.

ताटात काय सांभाळायचं?

आपला भाग केळी आणि संत्र्याचा. दोन्हीत पोटॅशियम भरपूर. किडनी बरी असलेल्याला ही फळं चांगली. डायलिसिसवाल्याला तीच जड जातात.

- नारळपाणी, केळी, संत्रा-मोसंबीचा रस, सुकामेवा, चिंच, टमाटर, आलू, पालक यांत पोटॅशियम जास्त.
- अशक्तपणा आला म्हणून किडनीच्या पेशंटला नारळपाणी पाजू नका.
- ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून ते आणाल तर किडनीच्या पेशंटला घातक ठरेल. सैंधव मीठही शेवटी मीठच.
- आलू आणि भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं की पोटॅशियम बरंच कमी होतं.
- रोजचं वजन एका वहीत लिहा. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन भराभर वाढलं म्हणजे पाणी साचतंय.

सगळ्याच किडनीच्या पेशंटला हे पथ्य सारखं नसतं. सुरुवातीच्या आजारात पोटॅशियम बांधायची गरज पडेलच असं नाही. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर सांगतील तेवढंच करा. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका, सांगितल्या तारखेला रक्त तपासा.

माणूस कोसळला तर : पहिली मिनिटं

अकोट ते अकोला अंतर सुमारे ४५ किलोमीटर. २०२२ मध्ये गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा जुना पूल वाहतुकीला बंद झाला, तेव्हा हेच अंतर किती लांब होऊ शकतं ते सगळ्यांनी पाहिलं. सातपुड्याच्या कडेच्या गावांतून तर अकोटच दूर. मेंदू मात्र चार ते सहा मिनिटंच थांबतो. छाती दाबली नाही तर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून गाडी येईपर्यंत हृदयाचं काम घरच्यांच्या हातांनी करायचं असतं.

१. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, तर हृदय बंद पडलं असं समजा. नाडी शोधण्यात वेळ घालवू नका.

२. एकाने १०८ ला फोन लावावा आणि मोबाईल स्पीकरवर ठेवावा. गाव, फाटा, मंदिर अशी खूण सांगा.

३. पेशंटला खाटेवरून खाली, कडक जमिनीवर उताणं झोपवा. खाटेवर दाबलं तर खाटच दबते.

४. छातीच्या मधोमध एका तळहाताचा मागचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरं सरळ. दोन इंच, म्हणजे ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या.

५. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळपास दोनदा.

६. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दाबणं थांबवू नका. बरगडी कडकन वाजली तरी चालू ठेवा, बरगडी जुळते.

तोंडात पाणी ओतणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, गालावर पाणी मारत बसणं यात मोलाची मिनिटं जातात. मोटारसायकलवर मधे बसवून नेलं तर छाती दाबता येत नाही.

‘किडनीचा पेशंट आहे, छाती दाबली तर आणखी बिघडेल’ अशी भीती काहींना वाटते. ती खरी नाही. छाती दाबण्याची पद्धत किडनीच्या पेशंटसाठीही तीच आहे. हातातल्या फिस्टुलालाही त्याने धोका नाही. डायलिसिस केंद्रात हृदय बंद पडलेल्या पेशंटच्या अमेरिकेतल्या नोंदींतही, तिथल्या कर्मचाऱ्यांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली तिथे जास्त जीव वाचलेले दिसले.

गाडी आली की हे सांगा

- पेशंटला किडनीचा आजार आहे. डायलिसिस चालू आहे की नाही.
- शेवटचं डायलिसिस कोणत्या दिवशी झालं, मधला एखादा नंबर चुकला का.
- फिस्टुला कोणत्या हातात आहे. त्या हातावर शक्यतो सुई किंवा बीपीचा पट्टा नको.
- किती वाजता कोसळला, छाती दाबणं कधी सुरू केलं.
- चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट.

ही माहिती एका कागदावर लिहून पेशंटच्या पाकिटात आणि मोबाईलच्या कव्हरमागे ठेवा. त्या वेळी घरचं कोणीच भानावर नसतं.

आधीच बोलून ठेवायची गोष्ट

हा विषय कोणी काढत नाही, पण काढायला पाहिजे. वय झालेलं, अनेक आजार, अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल तर हृदय बंद पडल्यावर व्हेंटिलेटरपर्यंत सगळं करायचं का, हे आधी पेशंटलाच विचारावं. आयसीयूच्या दारात तीन भाऊ तीन मतं मांडतात, शेत विकायची भाषा होते, आणि ज्याचा जीव आहे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. हृदय बंद पडल्यावर पुन्हा सुरू करण्याचे उपचार कोणावर करू नयेत, याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०२० मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत.

उलट पेशंट तरुण असेल, किडनी बदलण्याच्या यादीत असेल, हिंडता-फिरता असेल, तर ‘किडनीवाला आहे, आता काय करणार’ म्हणून हात टेकणं चुकीचं. लिहिलेलं काहीच नसेल आणि माणूस समोर कोसळला असेल, तर विचार करत बसू नका. आधी छाती दाबा.

खर्च आणि प्रवास

- महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने या योजनेतलं विमा संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा.
- प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून सरकारी दवाखान्यांमार्फत चालतो. जवळचं केंद्र कोणतं, ते ग्रामीण रुग्णालयात विचारा.
- डायलिसिसच्या पेशंटला एसटीच्या साध्या गाडीत प्रवास सवलत आहे. लागणारी कागदपत्रं आगारात विचारून घ्या.

कोणी तपासणी करावी?

शुगर, बीपी असलेले, घरात कोणाला किडनीचा आजार असलेले आणि वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाणारे यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं. पायावर, चेहऱ्यावर सूज, लघवीला फेस, भूक न लागणं, विनाकारण थकवा असेल तर वर्षाची वाट पाहू नये. आजार लवकर सापडला तर डायलिसिस अनेक वर्षं लांबवता येतं आणि हृदयही सांभाळता येतं.

दम लागून आडवं होता येत नसेल, छातीत धडधड होत असेल, किंवा डायलिसिस चुकल्यावर हातपाय गळाल्यासारखे वाटत असतील तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि ईसीजी काढायला सांगा. वाढलेलं पोटॅशियम अनेकदा ईसीजीत दिसतं, आणि तेव्हा हृदय अजून चालू असतं.